पाच किलोवॅटचं सोलर की आधी फ्रिज? (कराड, सहा माणसं, बोअरचं पाणी)

कृष्णाकाठची | ११ जून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते. लोणच्याच्या धाग्यावर एकदा मीठ किती ते विचारलं होतं, तेवढंच माझं लेखन. आज लिहितेय कारण घरात चार माणसांचे पाच पक्ष झालेत आणि निकाल माझ्यावर ढकललाय.

आम्ही कराडला राहतो, विद्यानगरच्या बाजूला. घर १९९८ चं, खाली चार खोल्या, वर दोन आणि वर सपाट स्लॅब. सासूबाई, सासरे (पाटबंधारे खात्यातून निवृत्त), आम्ही दोघं, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी. मे महिन्याचं बिल ४०८ युनिटांचं आलं आणि त्याच आठवड्यात एक सोलरवाला दारात हजर, जणू बिल त्याच्याच पत्त्यावर गेलं होतं. त्याचं म्हणणं असं: पाच किलोवॅट घ्या, तीन लाख दहा हजार, त्यातले ७८ हजार सबसिडी म्हणून परत. बिल शून्य. लाइट गेली तरी घर चालू. योजना ह्याच महिन्यात संपतेय, लगेच बुक केलंत तर पाच हजार सूट.

नवरा सही करायला पेन शोधत होता. सासऱ्यांनी चहा होईपर्यंत त्या माणसाला पंधरा प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "विचार करून सांगतो." हे ते गेली तीस वर्षं सगळ्यांना सांगतात. सासूबाईंचा प्रश्न एकच: गच्चीवर पॅनेल आली तर कुरडया कुठे घालायच्या? मुलाला वरच्या खोलीत एसी हवाय, दहावीच्या नावाखाली. आणि मी दोन वर्षं सांगतेय की फ्रिज बदला. त्याचं रबर सुटलंय, दार लावून वर स्टूल टेकवावं लागतं. पण फ्रिज म्हणजे 'खर्च' आणि सोलर म्हणजे 'गुंतवणूक', असं आमच्या घरातलं अर्थशास्त्र.

बारा महिन्यांची युनिटं बिलावरून उतरवून देते: जून ३१८, जुलै २५६, ऑगस्ट २४८, सप्टेंबर २५१, ऑक्टोबर २८४, नोव्हेंबर २३७, डिसेंबर २६३, जानेवारी २७१, फेब्रुवारी २४०, मार्च ३०२, एप्रिल ३८६, मे ४०८.

घरात सात पंखे (सगळे जुने, एक खुळखुळतो), तो फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, बोअरचा पंप, २५ लिटरचा गिझर, इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी. गच्चीवर २००९ चा सोलर बंब आहे. बल्ब सगळे एलईडी झालेत. एसी नाही, अजून.

पाच किलोवॅट योग्य आहे का? आणि लाइट गेल्यावर खरंच चालतं का? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते ती दोन-दोन तास, म्हणून नवऱ्याचा सगळा जीव त्या एका वाक्यात अडकलाय.

---

पोलवरचा | ११ जून

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरच माणसं फसतात. लाइट गेली की तुमचं सोलर बंद. भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन असताना बंद. आणि ते बंदच व्हायला पाहिजे.

मी ३४ वर्षं वीज कंपनीत वायरमन होतो. वादळात तार तुटली की आम्ही डीपीवरनं लाइन बंद करायचो, परमिट घ्यायचो, मग खांबावर चढायचो. खाली गल्लीत दहा घरांवर सोलर असलं आणि त्यातल्या एकानं जरी मागनं लाइनीत करंट सोडला, तर वर चढलेला माणूस खाली येतो तो चादरीत. म्हणून लाइनीला जोडलेल्या सोलर इन्व्हर्टरमध्ये अशी सोय असते की लाइनीत व्होल्टेज दिसलं नाही की ते स्वतःहून गप्प बसतं. ह्यात बिघाड काही नाही, ते तसंच बनवलेलं असतं.

लाइट गेल्यावर चालणारंही सोलर मिळतं, त्याला हायब्रीड म्हणतात आणि त्याला बॅटरी लागते. तीन लाख दहा हजारात पाच किलोवॅट आणि बॅटरी बसत नाही. तुमच्या माणसानं कोटेशनमध्ये बॅटरी लिहिलीय का बघा. नसणार.

बिल शून्य हेही खरं नाही. युनिट शून्य झाली तरी स्थिर आकार येतोच. आणि योजना ह्या महिन्यात संपत नाही. पीएम सूर्यघर ही केंद्राची योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, २०२६-२७ पर्यंत आहे. सबसिडी एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार. तीनच्या वर कितीही घ्या, ७८ च. पाच घेतलंत तर वरच्या दोन किलोवॅटचा सगळा पैसा तुमचा. आणि हे पैसे आधी कमी होत नाहीत, सगळं बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि लाइनीत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागल्यावर तुमच्या खात्यात येतात. तोवर पूर्ण रक्कम तुम्ही मोजायची, नाहीतर बँकेचं कर्ज काढायचं.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. पंधरा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक मला फार आवडतो.

---

अर्धविराम | ११ जून

तुम्ही बारा महिन्यांचे आकडे दिलेत त्याबद्दल आधी आभार. इथे लोक 'बिल खूप येतं' एवढंच लिहून सल्ला मागतात.

बेरीज ३४६४ युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २८९. आपल्याकडे एक किलोवॅट सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. पाच किलोवॅट म्हणजे वर्षाला सात हजारांच्या आसपास. तुमच्या गरजेच्या दुप्पट. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत जातात, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि जे शिल्लक असेल त्याचे पैसे अगदी कमी दराने मिळतात. म्हणजे एप्रिल-मे, जेव्हा तुम्हाला सगळ्यात जास्त लागतात, त्याच्या तोंडावर डबा रिकामा. मोठं सोलर घेऊन 'वीज विकून कमवू' हा बेत घरगुती ग्राहकाने करू नये.

पण मला तुमच्या यादीत दुसरंच काहीतरी खुपतंय. नोव्हेंबर २३७, डिसेंबर २६३, जानेवारी २७१. थंडीत पंखे बंद असतात, मग युनिटं वाढतात कशी? गिझर. तुमच्याकडे सोलर बंब आहे ना? तो तापतो का खरंच, की फक्त गच्चीवर आहे?

हिशेब बघा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. सहा माणसांना प्रत्येकी २० लिटर गरम पाणी, म्हणजे १२० लिटर, आणि ते २० अंशांनी तापवायचं तर २.८ युनिट. रोज. महिन्याला ८४.

दुसरं, नोव्हेंबरात पंखे नाहीत, एसी नाही, तरी २३७. घरात काहीतरी चोवीस तास खातंय. फ्रिजवर माझा संशय आहेच (तुमच्याशी सहमत!), पण अंदाज नको, मोजा. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतं. फ्रिजला २४ तास लावून ठेवा. गिझरला लावू नका, त्याचा करंट त्या स्वस्त मीटरला झेपत नाही.

आणि एक फुकटची चाचणी. रात्री सगळे झोपताना फ्रिजसकट सगळं बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. सगळं बंद असताना तो लुकलुकत असेल तर तो चोर शोधायचा.

पंख्यांबद्दल: जुना पंखा ७५ वॅट धरा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास फिरणाऱ्या पंख्यामागे रोज ०.५४ युनिट वाचतं, महिन्याला १६. ही युनिटं तुमच्या बिलाच्या वरच्या टप्प्यातून कमी होतात, जिथे दर सगळ्यात जास्त असतो. दहा रुपये धरले तरी एका पंख्यामागे महिन्याला १६० रुपये, आणि पंखा तीन हजारांचा. मी आमच्या पुण्याच्या घरातले पाच बदलले. आईला रिमोट आवडत नाही म्हणून तिच्या खोलीत भिंतीवरच्या बटणाने चालणारा शोधावा लागला, हे आधी बघा. म्हातारी माणसं रिमोट हरवतात आणि मग पंखा पाचवर अडकून बसतो.

---

दामदुप्पट | १२ जून

तीन लाख एफडीत ठेवा, व्याजातून बिल भरा, विषय संपला. २५ वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी २५ वर्षं टिकेल ह्याची वॉरंटी कोण देणार?

---

अर्धविराम | १२ जून

दामदुप्पट, व्याजावर कर लागतो, वाचलेल्या बिलावर लागत नाही. आणि विजेचा दर एफडीसारखा पाच वर्षं स्थिर राहत नाही. वॉरंटीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, विशेषतः सोलरच्या इन्व्हर्टरच्या बाबतीत. पॅनेल टिकतात. दहा-बारा वर्षांत इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल असं धरूनच गणित मांडावं.

---

वानरसेना_रत्नागिरी | १२ जून

सासूबाईंच्या बाजूने मी आहे! आमच्याकडे चार वर्षांपूर्वी तीन किलोवॅट बसवलं. बसवणाऱ्याने स्वस्तात म्हणून पॅनेल गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवली. आता गच्ची म्हणजे नुसता अडथळ्यांचा खेळ. फणसपोळी घालायची तर पॅनेलच्या मधून वाकून जायचं, आणि पॅनेलच्या सावलीत वाळत काहीच नाही. खालचा कचरा निघत नाही, पाणी तुंबतं, दुसऱ्या पावसात स्लॅब झिरपला. बोल्टसाठी स्लॅबला भोकं पाडून वर नीट सिमेंटचं ठोकळं न केल्याचा तो परिणाम.

तुम्ही सात-आठ फूट उंच सांगाडा करून घ्या. खर्च वाढतो, पण खाली बसता-उठता येतं, वाळवण सांगाड्याच्या दक्षिणेला उघड्या भागात घालता येतं आणि उन्हाळ्यात खालच्या खोल्यांना सावली मिळते. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड हवा, नुसता रंग मारलेला नको. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने तो दोन वर्षांत फुलतो, तुमच्याकडे जरा उशिरा फुलेल एवढंच.

शिवाय आमच्याकडे वानरं येतात. पॅनेलवर बसून एकमेकांच्या उवा काढतात. अजून एकही काच फुटलेली नाही, हे मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवं.

धुण्याबद्दल: तुमचं बोअरचं पाणी आहे म्हणताय. त्या पाण्याने धुऊन तसंच वाळू दिलंत तर पांढरे डाग बसतात. धुवायचं ते सकाळी लवकर, काच गार असताना, आणि शेवटी पुसून घ्यायचं.

---

कृष्णाकाठची | २० जून

सगळ्यांचे आभार. आता अहवाल.

वॉटमीटर मागवलं. ते आल्या दिवसापासून सासऱ्यांच्या ताब्यात आहे. पाटबंधाऱ्यात आयुष्यभर पाण्याची पातळी वहीत टिपली, आता घरातली प्रत्येक वस्तू टिपतायत. मिक्सर, मुलाचा चार्जर, माझी इस्त्री. सासूबाईंचा टीव्ही रात्री साडेआठला मोजायला गेले आणि मालिका बंद पडली, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

फ्रिज: २४ तासांत २.६ युनिट. महिन्याला ७८. मी ही चिठ्ठी फ्रिजच्याच दारावर चुंबकाने लावली आहे. (चुंबक लागतो, दार लागत नाही.)

रात्रीची चाचणी: फ्रिज बंद, सगळं बंद, तरी दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकतोय. आमच्या मीटरवर ३२०० लिहिलंय. सासऱ्यांनी तिथेच टॉर्चच्या उजेडात गणित केलं: ७५ वॅट. चोवीस तास, महिनाभर, ५४ युनिट! एकेक बटण काढत गेलो. ४० वॅट इन्व्हर्टर खातोय. उरलेलं सेटटॉप बॉक्स, वायफाय, पंपाच्या पॅनेलवरचे दिवे वगैरे.

आणि अर्धविराम, तुम्ही डिटेक्टिव्ह आहात. सोलर बंबाचं पाणी कोमट येतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण प्रत्येकाला वाटायचं की आधीच्याने गरम संपवलं. म्हणून प्रत्येकजण गुपचूप गिझर लावत होता. वर जाऊन प्लंबरकडून पाइप सोडवला तर आत बोटभर जाड खार. पाणी जायला जागाच सुई एवढी. कलेक्टरच्या तांब्याच्या नळ्या आम्लाने धुवायचे २५०० रुपये सांगितलेत. सोळा वर्षांत एकदाही धुतला नव्हता.

पोलवरचा काका, कोटेशनमध्ये बॅटरी नाही. फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "लाइट गेल्यावर तुमचा जुना इन्व्हर्टर चालेलच की." म्हणजे लाइट गेली तरी घर चालू, ते आमच्याच बॅटरीवर! नवऱ्याचं पेन परत खिशात गेलंय.

आता प्रश्न: इन्व्हर्टर एवढं का खातोय? आणि एसीचं काय करायचं? मुलगा रोज विचारतो.

---

पोलवरचा | २० जून

बॅटरी किती वर्षांची? पाच-सहा झाली असतील तर ती म्हातारी झाली. भरतच नाही म्हणून चार्जर तिला सारखा पाजत बसतो. आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, कमी असेल तर भरा. चमत्काराची अपेक्षा मात्र नको.

लाइट जाण्यावर तुमचं औषध सोलर नाही, पंखे आहे. १५० एएच, १२ व्होल्ट म्हणजे नावाला १.८ युनिट. धड बॅटरीतनंही हाताशी लागतं ते पाऊण युनिट धरा. तीन जुने पंखे २२५ वॅट, म्हणजे सव्वातीन तास. तेच तीन नवे पंखे ९० वॅट, आठ तास. रात्र निघाली. जमाईबापूंना हे सांगा, तीन लाखांतलं जे वाक्य त्यांना आवडलं होतं ते नऊ हजारांत मिळतंय.

आता कागदाचं. मीटर कोणाच्या नावावर आहे? सोलरचा अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्याच्याच नावाने होतो, सबसिडीही त्याच्याच बँक खात्यात. निम्म्या महाराष्ट्रात मीटर आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा भिंतीवर हार घालून बसलेत.

---

कृष्णाकाठची | २० जून

आजेसासऱ्यांच्या नावावर. हार घालून बसलेत.

---

पोलवरचा | २१ जून

मग आजच नाव बदलायचा अर्ज टाका. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराचा उतारा. सोलर घ्या न घ्या, हे काम करूनच ठेवा. नोंद असलेल्या पुरवठादारांची यादी योजनेच्या पोर्टलवर असते, त्यातलाच निवडा. दहा किलोवॅटपर्यंत मंजुरीआधी वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, त्यामुळे 'साहेबांना भेटावं लागेल' असं कोणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. बिलावर 'डीसीआर पॅनेल' हे शब्द लिहून घ्या. सबसिडीला भारतातच बनलेल्या सेलची पॅनेल लागतात. अर्थिंग तीन: वीजरोधकाचं (आभाळातल्या विजेसाठी) वेगळं, एसी करंटचं (घराच्या बाजूचं) वेगळं, डीसी करंटचं (पॅनेलच्या बाजूचं) वेगळं. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा टाकून जाणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

---

अर्धविराम | २१ जून

एसीच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, ती १६०० तासांची. तो आकडा १६०० ने भागा, तासाचा खर्च मिळतो. ८०० लिहिलं असेल तर तासाला अर्धं युनिट. आठ तास झोपलात तर रात्रीला चार, महिन्याला १२०. दुकानदार हे कधी सांगत नाही, तो फक्त तारे मोजून दाखवतो. तारे देण्याचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलवरचा कालावधीही वाचा. गोदामातला जुना पाच तारे आणि नवा पाच तारे एक नव्हेत.

पण मुलाची खोली स्लॅबखाली आहे ना? तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो आणि एसी आधी त्याच्याशी भांडतो. पुढच्या मार्चमध्ये गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या, किंवा उंच सांगाड्यावर पॅनेल आली तर तीच सावली करतील. मग एसी लागतो का ते बघा. लागलाच तर लहान टनाचा पुरेल.

---

ठाण्याचा_तिसरा_मजला | २१ जून

अवांतर विचारतो, माफी. आमची सोसायटी ४० फ्लॅटची. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. आम्हाला काही मिळतं का?

---

पोलवरचा | २१ जून

मिळतं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्याचे दिवे ह्यांच्या सामायिक मीटरसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार. आधी सर्वसाधारण सभेत ठराव करा. सोलरपेक्षा तोच अवघड.

---

वानरसेना_रत्नागिरी | २२ जून

कृष्णाकाठची, एक सांगायचं राहिलं. सावली बघितलीत का? आमच्या नारळाची एक झावळी दुपारी तीननंतर एका पॅनेलवर पडते आणि ती पूर्ण रांग मंदावते. आणि जुन्या फ्रिजचं काय करणार? 'असू दे वरच्या मजल्यावर, पाण्याच्या बाटल्यांना' असं कोणी म्हणेल. ऐकू नका. आमच्याकडे तो तसा सहा वर्षं चालला.

---

कृष्णाकाठची | १७ ऑगस्ट

बऱ्याच दिवसांनी येतेय. पाऊस, मुलाच्या चाचण्या, गौरी-गणपतीची तयारी.

फ्रिज २४ जूनला आला. अडीचशे लिटरचा, तीन तारे. पाच ताऱ्यांचा बघितला, पण किंमतीतला फरक आमच्या वापरात निघायला फार वर्षं लागत होती. सासऱ्यांच्या मीटरवर दिवसाला ०.८. जुना वर ठेवूया, आंब्याच्या दिवसांत उपयोगी पडेल, असं नवरा म्हणालाच! मी वानरसेनेचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. पंधराशे रुपयांत दुकानदाराने नेला.

पंखे चार बदलले, जे जास्त फिरतात ते. सासूबाईंच्या खोलीत बटणाचाच. खुळखुळणारा तसाच आहे, तो पाहुण्यांच्या खोलीत, पाहुणे येतात वर्षातून चारदा. सोलर बंब धुऊन घेतला. ह्या ढगांत तो तापत नाही, त्यामुळे गिझर चालूच आहे. खरं कळेल दिवाळीनंतर. बॅटरी सहा वर्षांची निघाली, पाणी भरलं, ४० वॅटचे ३५ झाले. म्हणजे ती गेलीच. जुलैत एका रात्री लाइट पावणेतीन तास गेली, तीन पंखे चालू होते आणि तेवढ्यात ती शिट्टी वाजवायला लागली. पूर्वी तासाभरात वाजवायची. नवी दसऱ्याला घेऊ.

जुलैचं बिल आलं. गेल्या वर्षी २५६ होतं, ह्या वर्षी १७१.

आता वर्षाचा अंदाज सासऱ्यांनी वहीत मांडलाय: २२०० च्या आत. पाच किलोवॅट राहिलं बाजूला, दोनमध्येसुद्धा भागतं. एसी घेतला आणि उन्हाळ्याचे अडीच महिने रोज आठ तास लावला तरी भर पडते ३०० युनिटांची. नवऱ्याचं मत तीन किलोवॅट, कारण पुढेमागे इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे. माझं मत दोन, कारण तिसऱ्या किलोवॅटला सबसिडी फक्त १८ हजार आणि स्कूटर अजून शोरूममध्येच आहे. हा वाद मिटलेला नाही. मिटवायची घाईही नाही, कारण मीटरच्या नावाचा अर्ज दिलाय, एका आत्यांची संमती पुण्याहून यायची आहे आणि आत्यांना ह्या घराबद्दल आणखीही काही बोलायचं आहे, असं दिसतंय. तो वेगळा धागा होईल.

सावलीचं मात्र सांगायलाच हवं. सोलरवाल्याने दिलेल्या नकाशात दोन पॅनेल जिन्यावरच्या खोलीच्या उत्तरेला दाखवली होती. सासरे जूनमध्ये खडू घेऊन वर गेले, नऊला, बाराला, तीनला सावली आखायची म्हणून. बाराला त्या जागी सावलीच नाही! नवरा खूश. मग सासरे खाली आले, पंचांग उघडलं, म्हणाले, आत्ता सूर्य आपल्या उत्तरेला आहे, मे महिन्यातल्या शून्य सावलीच्या दिवसापासून तो पलीकडे गेलाय. ही सावली खोटी. डिसेंबरात तो दक्षिणेला खाली उतरेल, भर दुपारी जेमतेम ४९ अंशांवर. खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून बारा फूट, म्हणजे बाराच्या ठोक्याला सावली साडेदहा फूट, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. ती दोन पॅनेल हिवाळाभर अंधारात बसली असती.

मग त्यांनी गच्चीवर दोन रेघा मारल्या. पांढरी डिसेंबरच्या सावलीची, हिशेबाने काढलेली. तिच्या दक्षिणेला पिवळी, सासूबाईंनी उभं राहून आखून घेतलेली, आठ फूट बाय बारा. तिथे एकही खांब नको अशी सक्त ताकीद आहे. पावसाने पिवळी दोनदा पुसली, दोनदा त्यांनी परत मारायला लावली.

काल त्या सोलरवाल्याचा परत फोन आला होता. योजना ह्या महिन्यात संपतेय म्हणाला. फोन सासऱ्यांनी घेतला. म्हणाले, "डिसेंबरात सावली बघतो आणि सांगतो."